रान ओलं, झाड सुकलेलं: ऑस्मोसिसच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार. गाव, मंगळवेढा तालुका

दुपारी तीनच्या सुमारास आप्पांबरोबर आमच्या डाळिंबाच्या बागेत गेले होते. अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांचा, धरलाय, ताण देऊन पानगळ केली, मग पाणी सोडलं, पालवी सगळीकडे फुटलीय पण बोअरच्या बाजूच्या चार ओळींत तिला रंगच नाही. कोवळ्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी आणि शेंड्यांनी मान टाकलेली. मी ड्रिपरखाली बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं, काळी माती चिकटून बाहेर आली, म्हणजे ओल भरपूर आहे. आप्पा म्हणाले, "बघ की, रान ओलं हाय, पाणी पायाशी हाय, मग पिईना का झालंय?"

ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, जिथं ओल संपते तिथं, मातीवर पांढरी गोल कड आलेली, घाम वाळल्यावर शर्टावर उमटते तशी. चिमूटभर जिभेला लावली, खारट आणि मागून कडवट. बोअर खाली गेलंय आणि पाणी जड झालंय हे घरात सगळ्यांना माहितीय. त्यात गेल्या पंधरवड्यात एका दुकानदाराच्या सांगण्यावरून ठिबकमधून खत जरा जास्तच गेलंय.

संध्याकाळी काकडीची कोशिंबीर करत होते तर आजी ओरडली, "मीठ आत्ताच नको गं घालू, ताट वाढताना घाल, मीठ पाणी ओढतंय." मी तशीच थांबले. हे वाक्य लहानपणापासून ऐकतेय, पण दुपारची ती पांढरी कड डोळ्यासमोर होती. काकडीतलं पाणी मीठ ओढतं, मग मातीतलं मीठ डाळिंबाच्या मुळाचं काय करत असेल?

टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, प्रकल्पाचा विषय ठरला. ऑस्मोसिस, आपल्या पुस्तकातलं परासरण.

८ जानेवारी. सोलापूर, कॉलेज

मॅडमना विषय सांगितला. त्या म्हणाल्या, चांगला आहे पण एकदम बागेपासून सुरू करू नकोस, आधी एका पेशीत काय होतं ते स्वतःच्या हातानं बघ, आकडे काढ आणि मग शेतावर जा. बरोबर आहे त्यांचं.

आधी व्याख्या माझ्या शब्दांत लिहून ठेवते, नाहीतर तोंडी परीक्षेत पाठ केलेलं बोलले की मॅडम लगेच ओळखतात. पेशीपटलातून पाणी सहज जातं, साखर किंवा मीठ सहज जात नाही. पाण्याचे रेणू दोन्ही बाजूंनी सारखे ये-जा करतच असतात, पण जिकडे काहीतरी विरघळलेलं आहे तिकडचं पाणी तेवढं मोकळं राहत नाही, त्यामुळे तिकडून परत येणारे रेणू कमी पडतात आणि एकूण हिशेबात पाणी पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे सरकतं. आजीचं "ओढतं" परिणामाच्या बाजूनं एकदम बरोबर आहे, फक्त मीठ हात घालून पाणी खेचत नाही, पाण्याची परत यायची वाट अवघड होते इतकंच.

पहिला बटाट्याचा प्रयोग आजच केला आणि तो वाया गेला. मीठ चमच्यानं मोजलं, बटाट्याच्या कांड्या पुसल्याशिवाय वजन केल्या, आणि डोक्यावर पंखा चालू असल्यानं काट्यावरचा आकडा एका जागी थांबेना. एकाच भांड्यातल्या दोन कांड्यांपैकी एकीचं वजन वाढलं, दुसरीचं घटलं. सगळे आकडे खोडले.

११ जानेवारी

आज नीट केलं. लक्ष्मी मंडईतून नवे बटाटे आणले, कॉर्क बोररनं एकाच जाडीच्या कांड्या काढल्या, पाच सेंटिमीटरच्या कापल्या, प्रत्येक कांडी साधारण तीन ग्रॅम. मिठाऐवजी साखर घेतली, कारण साखरेचा रेणू पाण्यात फुटत नाही, हिशेब सरळ राहतो. एक मोलर द्रावण म्हणजे लिटरला ३४२ ग्रॅम साखर. एवढी साखर तागडीत बघितल्यावर लॅबचे मामा म्हणाले, "यात जिलेबी होती की ओ." त्यातूनच पाणी घालून ०.८, ०.६, ०.४, ०.२ अशी बनवली आणि एक साधं डिस्टिल्ड वॉटर. दोन तास ठेवल्या, मग प्रत्येक कांडी टिपकागदावर एकदाच लोळवून वजन केली, पंखा बंद, खिडकी बंद, उकडत होतं तरी.

साध्या पाण्यातली कांडी ११ टक्क्यांनी वाढली. ०.२ मधली ४ टक्क्यांनी वाढली. ०.४ मधली ४ टक्के घटली, आणि एक मोलरमधली २२ टक्के घटून एकदम लुळी झाली, बोटाभोवती गुंडाळता येत होती. साध्या पाण्यातली मात्र वाकवली की कट्टकन मोडली. हे हाताला कळणं फार महत्त्वाचं वाटलं मला. "टर्गर प्रेशर" नुसतं वाचलं होतं, आज बोटांत जाणवलं. पेशीत पाणी शिरतं, आतली रिक्तिका, म्हणजे रसाची पिशवी, फुगते, पेशीभित्तिका तिला बाहेरून धरून ठेवते, आणि या ताणावरच भाजी ताठ उभी असते. मंडईत मेथीच्या जुड्यांवर सारखं पाणी मारत बसतात ते याचसाठी.

आलेख काढला, रेष शून्याला ०.३ मोलरच्या आसपास कापते. म्हणजे तिथं बटाट्याच्या पेशीचं आतलं आणि बाहेरचं बरोबरीत आलं, समपरासारी द्रावण.

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते. पहिल्या दिवशीचे उरलेले बटाटे कोल्ड स्टोरेजचे होते, तेही सहज लावून बघितले तर रेष जरा पुढे, जास्त साखरेच्या बाजूला कापली. मॅडम म्हणाल्या, थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, पेशीतला रस घट्ट होतो, मग बरोबरीला बाहेरही जास्त साखर लागणारच. म्हणून तर असले बटाटे तळले की काळपट होतात.

१८ जानेवारी

मधे गड्ड्याची जत्रा, काम बंद. आज मायक्रोस्कोप.

ऱ्हिओचं पान घेतलं, कॉलेजच्या कुंड्यांत भरपूर आहे, वरून हिरवं आणि खालून जांभळं. खालची साल ब्लेडनं सोलताना पाच-सहा वेळा जाड निघाली, मग एकदाची पातळ मिळाली. स्लाइडवर पाण्याचा थेंब, वर साल, कव्हरस्लिप. पंचेचाळीसच्या लेन्सखाली जांभळ्या फरश्या बसवल्यासारख्या पेशी, प्रत्येक फरशी काठोकाठ रंगानं भरलेली.

मग कव्हरस्लिपच्या एका कडेला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेनं टिपकागद लावला, म्हणजे मिठाचं पाणी खालून सरकत जातं. डोळा काढलाच नाही. अर्ध्या-एक मिनिटात ज्या बाजूनं मीठ आलं त्या बाजूच्या पेशींचे कोपरे फिके पडायला लागले. रंग कोपऱ्यांतून सुटून आत सरकला, भिंत तशीच सरळ उभी आणि आतला जांभळा भाग आकसत आकसत गोल गोळा झाला. लाट आल्यासारखं एका रांगेनंतर दुसरी रांग. प्लाझ्मोलिसिसची, म्हणजे पाणी जाऊन पेशीचा आतला भाग असा आकसतो त्याची, आकृती दहा वेळा काढलीय मी पण ते असं चालताना दिसतं हे माहितीच नव्हतं. पार्टनरला हाका मारल्या, मामा पण येऊन बघून गेले.

मॅडमनी लगेच विचारलं, भिंत आणि गोळा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आता काय आहे? मी म्हणाले हवा. चूक. तिथं मिठाचंच पाणी आहे, कारण पेशीभित्तिका मीठ अडवत नाही, अडवतं ते आतलं पेशीपटल. हे आता आयुष्यात विसरणार नाही.

नंतर साधं पाणी सोडलं, बहुतेक गोळे परत फुगून भिंतीला टेकले. काही टेकले नाहीत, त्यांचा रंगच बाहेर पसरला, त्या पेशी मेल्या. थोडा वेळ खारं पाणी मिळालं तर पेशी सावरते, फार वेळ किंवा फार घट्ट मिळालं तर नाही. बागेतल्या चार ओळी आठवल्या.

१९ जानेवारी

छोटीशी तपासणी. बटाट्याच्या कांड्या पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून थंड केल्या आणि मग साध्या पाण्यात आणि साखरेत ठेवल्या. ताज्या कांड्यांसारखं वजन वाढणं-घटणं दिसलंच नाही आणि साध्या पाण्यातलीसुद्धा ताठ झाली नाही. उकळल्यानं पेशीपटल फाटलं, दार-खिडक्या सगळं उघडं, मग साखरही आत-बाहेर आणि पाणीही. पटल धड असेल तरच ऑस्मोसिस.

२२ जानेवारी

आज लायब्ररी. इतिहास थोडाच लिहिते पण एक गोष्ट फार आवडली.

१७४८ मध्ये फ्रान्समध्ये नोले यांनी दारूच्या अर्काच्या भांड्याला डुकराच्या मूत्राशयाची पातळ कातडी बांधून ते पाण्यात बुडवलं होतं, पाणी आत शिरून कातडी फुगली. मग १८७७ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी याचं मोजमाप केलं, आणि त्यांनी वापरलं ते भांडं म्हणजे झिलई नसलेलं मातीचं, आपल्या माठासारखं सच्छिद्र. त्या छिद्रांत त्यांनी कॉपर फेरोसायनाइडचा साका बसवला, म्हणजे पाणी जाईल पण साखर जाणार नाही असं कृत्रिम पटल तयार झालं, आणि आत किती दाब चढतो तो नळीत मोजला. त्या आकड्यांवरून व्हांट हॉफ यांना दिसलं की पातळ द्रावणातला हा दाब वायूच्याच सूत्रात बसतो. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये त्यांनाच मिळालं. पेशीपटलात पाण्यासाठी वेगळी प्रथिनांची दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन, हे मात्र अगदी अलीकडचं, त्यासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये नोबेल.

सूत्र सोपं आहे. संहती, म्हणजे द्रावण किती मोलर आहे तो आकडा, गुणिले ०.०८३१ गुणिले केल्विनमधलं तापमान, उत्तर बारमध्ये, म्हणजे दाबाच्या एककात. माझ्या बटाट्याचं ०.३ मोलर, लॅबमध्ये २७ अंश म्हणजे ३०० केल्विन. उत्तर साडेसात बार. दोनदा करून बघितलं. मोटारसायकलच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते आणि बटाट्याच्या पेशीतला रस साडेसात बारच्या ताकदीनं पाणी आत घेऊ शकतो. मिठाला हेच सूत्र लावायचं तर दुप्पट करायचं, कारण मिठाचा एक रेणू पाण्यात फुटून दोन आयन होतात.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले. शेजारच्या काकूंना उलट्या-जुलाबानं अ‍ॅडमिट केलंय, त्यांना भेटायला गेले तर सलाईन चालू होती. बाटलीवर ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. आधी हा आकडा नुसता आकडा होता. आता कळतं की रक्तातल्या तांबड्या पेशीला भित्तिका नसते, बटाट्यासारखं तिला बाहेरून धरून ठेवणारं कुणी नाही, म्हणून शिरेतून साधं पाणी दिलं तर पेशी फुगून फुटतील आणि फार खारट दिलं तर आकसतील. ०.९ ला त्या जशाच्या तशा राहतात.

आणि ओआरएस. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेतात, ते आत गेलं की त्यांच्या मागोमाग पाणी ऑस्मोसिसनं आत जातं. नुसतं पाणी पाजून जे होत नाही ते चिमूटभर मीठ-साखरेनं होतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाईनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी लोकांना पाजून असंख्य जीव वाचवले. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. जास्त मीठ घालून "पॉवरफुल" करायचं नाही, तसं केलं तर तेच पाणी आतड्यातून उलटं बाहेर येतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे प्रत्येक घरात माहिती पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१ फेब्रुवारी, शनिवार. गाव

कॉलेजचा ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, मोजायचा पेन मॅडमच्या परवानगीनं घरी आणलाय. क्षार जितके जास्त तितकी पाण्यातून वीज जास्त वाहते, तो आकडा हा पेन दाखवतो. बोअरचं पाणी ३.९. शेततळ्यातलं, म्हणजे पावसाचं साठलेलं, ०.५. आप्पांनी स्वतः पेन हातात धरून दोन्हीकडे बुडवून बघितला, काही बोलले नाहीत, मग परत एकदा बोअरमध्ये बुडवला.

चार ओळींतली माती दोन पिशव्यांत भरून घेतली, ड्रिपरखालची वेगळी आणि पांढऱ्या कडेची वेगळी.

दुपारी आत्याच्या रानात हुरडा होता. शाळू कमरेच्या वर, कणसं भरलेली. सगळे हुरडा खात होते आणि मी पानं बघत बसले. दोनच्या उन्हात जोंधळ्याची पानं लांबीत वळून पुंगळ्या झालेल्या. पानाच्या वरच्या सालीत मोठ्या फुगीर पेशींच्या रांगा असतात, ऊन चढलं की त्यांच्यातलं पाणी कमी होतं, त्या ढिल्या पडतात आणि पान मिटतं, मग उन्हाला अंग कमी लागतं. सूर्य कलल्यावर मी परत जाऊन तेच पान बघितलं, ओळखीसाठी त्याला दोरा बांधला होता, तर उघडून सपाट झालेलं. आत्या म्हणाली, "जोंधळ्याला कळतंय गं सगळं."

जोंधळा अजून एक करतो. पाणी कमी पडायला लागलं की पेशीत स्वतःच विरघळणारे पदार्थ साठवतो, आतला रस घट्ट करतो, म्हणजे घट्ट झालेल्या मातीतूनसुद्धा पाणी आत येत राहतं. अर्थात त्याला खर्च येतो, ती साखर वाढीत गेली असती. म्हणून खारवट रानात जोंधळा मरत नाही पण बुटका राहतो. जोंधळ्याचं उत्पन्न मातीच्या अर्काची ईसी ६.८ पर्यंत टिकतं आणि उसाचं १.७ च्या वर गेलं की घटायला लागतं, हे कोष्टकात वाचलं तेव्हा आमच्या शेजारच्या रानात ऊस का धरत नाही ते कळलं.

४ फेब्रुवारी. कॉलेज

गावाहून आणलेल्या मातीच्या अर्काची ईसी काढायला मातीची पेस्ट. आयुष्यात एवढा वेळ चिखल कालवला नव्हता. वाळवून चाळलेल्या मातीत डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब घालत चाकूनं मळत राहायचं, काळी माती पाणी पीतच राहते, वाटतं झालं आणि परत कोरडी. एका टप्प्याला पृष्ठभाग चकाकायला लागतो, चाकूवरून गोळा आपोआप घसरतो पण वर पाणी साचत नाही. तिथं थांबायचं. रात्रभर ठेवून आज पंपावर गाळलं, पिवळसर अर्क मिळाला. ड्रिपरखालचा ४.४. पांढऱ्या कडेचा ८.२. पेस्टचा पीएच ८.१.

खारवट जमीन ४ च्या वर धरतात. पीएच ८.५ च्या आत आहे म्हणजे चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली, नसावी, पण सोडियम किती ते वेगळं तपासायला दिलंय, कारण चोपण असती तर नुसतं गोडं पाणी सोडून उलट माती दगडासारखी झाली असती, आधी जिप्सम लागलं असतं. गावाकडे माती परीक्षणाच्या कागदावर ईसीचा आकडा बराच लहान दिसतो कारण तिथं एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नाहीत, मी आधी तेच करत होते.

५ ते ९ फेब्रुवारी

घरच्या मालदांडी जोंधळ्याचं बी, प्रत्येक पेट्रीडिशमध्ये २५ दाणे. पाच डिश: नळाचं पाणी, बोअरचं पाणी, १०० मिलिमोलर मीठ, २०० मिलिमोलर मीठ, आणि २०० मिलिमोलर मॅनिटॉल, हा साखरेसारखाच एक पदार्थ. शेवटची मॅडमनी सुचवलेली. १०० मिलिमोलर मीठ आणि २०० मिलिमोलर मॅनिटॉल यांचा परासरण दाब सारखाच, साधारण पाच बार, पण मॅनिटॉलमध्ये सोडियमही नाही आणि क्लोराइडही नाही. म्हणजे त्रास नुसत्या पाणी न मिळण्याचा आहे की मिठाच्या विषाचा, ते वेगळं करता येतं.

पहिल्या दिवशी सगळ्याच डिशमधले दाणे फुगले. मला वाटलं प्रयोग फसला. पण कोरड्या बियाचं पहिलं फुगणं ऑस्मोसिसचं नाही, कोरडा स्टार्च आणि प्रथिनं पाणी शोषतात, मेलेलं बीसुद्धा फुगतं, भिजत घातलेल्या डाळीसारखं. फरक मोड येताना दिसतो.

चौथ्या दिवशी नळाच्या पाण्यात २४ दाण्यांना मोड. बोअरच्या पाण्यात २२, पण एक दिवस उशिरा आणि मूळ आखूड, साडेतीन सेंटिमीटर, नळाच्या पाण्यात पाच होतं. १०० च्या मिठात १९, मॅनिटॉलमध्ये १८, जवळजवळ सारखंच. २०० च्या मिठात फक्त ८. पाचव्या दिवशी लेन्सखाली बघितलं तर १०० च्या मिठातल्या मुळांची टोकं तपकिरी झालेली, मॅनिटॉलमधली पांढरीच, फक्त आखूड. म्हणजे पहिला मार पाण्याचा आणि विषाचा मार मागून येतो.

१५ फेब्रुवारी

या प्रकल्पातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा हिशेब आज जुळला.

ईसीला ०.३६ नं गुणलं की परासरण दाब अंदाजे बारमध्ये येतो. बोअरचं पाणी ३.९, म्हणजे १.४ बार. बटाट्याच्या साडेसातपुढे हे काहीच नाही, मुळानं आरामात प्यायला हवं. इथंच मी आठवडाभर अडकले होते. चूक ही होती की मी बोअरमधलं पाणी मोजत होते आणि मूळ पितं मातीतलं पाणी.

पांढऱ्या कडेचा अर्क ८.२, म्हणजे ३ बार. पण तो पेस्टचा, पाण्यानं पूर्ण भरलेल्या मातीचा. रान वाफशावर येईपर्यंत त्यातलं निम्मं पाणी गेलेलं असतं आणि मीठ तेवढंच राहतं. ३ चे ६ बार. पुढे झाडानं आणि उन्हानं त्यातलंही निम्मं नेलं की १२. शिवाय काळ्या मातीचे बारीक कण स्वतः पाणी धरून ठेवतात ते वेगळं. साधारण १५ बारला बहुतेक पिकं कायमची कोमेजतात असं धरतात. माझा बटाटा तर साडेसातलाच थांबला होता. डाळिंबाचं मूळ म्हणजे बटाटा नाही, पण साधारण अंदाज यायला पुरेसं आहे.

म्हणजे बोटाला लागत होती ती ओल खरी होती. माती चिकटत होती, पाणी होतं, पण ते अशा भावानं होतं की कोवळ्या पालवीला परवडत नव्हतं. वरून खताचा जादा डोस, तोही मुळासाठी मीठच.

रात्री आप्पांना फोन केला. बार-बिर काही सांगितलं नाही. मी म्हणाले, आप्पा, कोशिंबिरीत मीठ घातल्यावर काकडीचं पाणी सुटतं का नाही, तसं आपल्या रानातलं मीठ मुळाला पाणी घेऊ देईना झालंय, आणि रान जितकं वाळतं तितकं मीठ घट्ट होतंय. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजी मी पाणी कमी कमी सोडत होतो ते उलटंच झालं."

होय. बोअरला पाणी कमी म्हणून ते रोज थोडं थोडं सोडत होते, ओल वीतभरच जायची आणि मीठ तिथंच कडेला साठायचं, मुळांच्या तोंडाशी.

१६ फेब्रुवारी

ठरवलं ते असं. पांढरा थर खुरप्यानं खरवडून बागेबाहेर टाकायचा, मातीत मिसळायचा नाही. शेततळ्याचं पाणी या चार ओळींना राखून ठेवायचं, आणि रोज तासभर सोडण्याऐवजी आठवड्यातून दोनदा रात्री सलग सहा तास सोडायचं म्हणजे मीठ मुळांच्या खाली ढकललं जाईल. खालच्या बाजूचा चर उपसून मोकळा करायचा, नाहीतर ढकललेलं मीठ जाणार कुठं? खत थोडं थोडं विभागून. पोटॅश द्यायचंच तर लाल पोटॅश नको, झिरो झिरो पन्नास, म्हणजे सल्फेटवालं पोटॅश, कारण खतांच्या क्षार-निर्देशांकात लाल पोटॅश ११६ ला आहे आणि सल्फेटवालं ४६ ला.

सोडियमचा रिपोर्ट आला, चोपण नाही. मग हरकत नाही. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात पण एकदा आप्पांना घेऊन जायचंय, सोलापुरातच असून आमच्या घरातलं कुणी अजून तिथं गेलेलं नाही.

आप्पांनी एक चांगला प्रश्न विचारला, फळ मोठं झाल्यावर तडकतं ते पण यातलंच का? मला वाटतं बऱ्याच अंशी होय. रान वाळू दिलं आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं की गोड रसाचे दाणे भराभर पाणी घेऊन फुगतात आणि वाळून कडक झालेली साल तेवढी ताणत नाही. त्यामुळे आत्ता मीठ धुवायला जास्त पाणी दिलं तरी पुढे फळं लागल्यावर पाण्यात खाडा नको.

२ मार्च, रविवार. गाव

दोन आठवड्यांत चार रात्री शेततळ्याचं पाणी दिलं. कडेच्या मातीची पेस्ट यावेळी घरीच केली, आजीच्या परातीत, आजी शेजारी बसून बघत होती, म्हणाली भाकरीच्या पिठासारखंच आहे की. सुती कापडातून गाळलं, लॅबइतकं नेमकं नाही, तरी पेननं ४.९ दाखवलं. आधी ८.२ होतं.

दुपारी तीन वाजता, मुद्दाम त्याच वेळेला, चार ओळींत फिरले. जळालेल्या कडा तशाच आहेत, त्या काही परत हिरव्या होणार नाहीत, तो भाग मेला. पण त्यांच्या वर नवे तांबूस शेंडे आलेत आणि उन्हात सरळ उभे आहेत. पहिल्या तीन ओळींत तरी. चौथी ओळ चरापासून सगळ्यात लांब आहे, तिथं कड परत पांढरी दिसायला लागलीय, पुढच्या शनिवारी त्या ओळीची वीत, दोन वीत आणि हातभर खोलीची माती वेगवेगळी काढायचीय. शेततळ्यात आता कमरेइतकंच पाणी आहे. आप्पा म्हणाले चौथ्या ओळीला पण एक चर काढू या, आणि खोरं आणायला गेले.